मिटल्या तोंडाचा साप

बारकीने नखं रंगवली होती आणि त्यावरून आत्याचं सकाळपासून डोकं फिरलं होतं. गडद लाल रंग, चकचकीत, झाडून साऱ्या बोटांना. माती कालवायच्या हातांना हे कसले डोहाळे, असं ती एकदा मोठ्याने म्हणाली आणि मनात किती वेळा म्हणाली त्याचा हिशेब नाही.

बारकी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. नाव बारकी, पण घरात सगळ्यांत उंच. रोपवाटिकेच्या शेडमध्ये शिरताना तिला मान वाकवावी लागायची. लहानपणी चिकटलेलं नाव सोडवायला कुणी आलं नाही आणि तिनेही कधी तगादा लावला नाही. रोपवाटिका आत्याची, लग्नबिग्नाच्या भानगडीत न पडता तिने एकटीने उभी केलेली. कॉलेज आटोपल्यापासून बारकी तिच्या हाताखाली होती. सकाळी दोघी कुंड्या भरायच्या, दुपारी गिऱ्हाइकं सांभाळायच्या, आणि मध्येच कुणाच्या न्हाणीघरात, कुणाच्या पंपापाशी साप निघाला की हातातलं काम टाकून तिकडे पळायच्या. त्या भागात साप दिसला की लोक आधी किंचाळत आणि मग आत्याला फोन लावत. आत्याला याचा अभिमान होता आणि तो लपवण्याचे कष्ट ती घेत नव्हती.

"सापाला दाखवायचीत का ती नखं?" तिने विचारलं.

"सापाला नाही, मुलांना," बारकी म्हणाली. "व्हिडिओ काढणार आहेत. हात तरी माणसाचे दिसू देत."

शाळेत कार्यक्रम होता. सापांना घाबरू नका, मारू नका, असं मुलांना समजावून सांगायचं. एरवी आत्याच जायची. आज पहिल्यांदा बारकी एकटी जाणार होती. बरोबर न्यायला मोठी चित्रं होती आणि काचेच्या पेटीत जपून ठेवलेली एक कात. आत्याला ते काही पटत नव्हतं. नुसती कात नेऊन मुलांची भीती घालवायची म्हणजे लग्नाला नवरदेवाऐवजी त्याचा कोट पाठवायचा, असं तिचं म्हणणं. पण साप काही भाजीसारखा पिशवी घेऊन आणायला जाता येत नाही, त्यामुळे ती गप्प बसली होती.

आणि मग पालापाचोळ्याच्या ढिगातून तो निघाला. अगदी मागवल्यासारखा.

ढीग आत्याच उपसत होती. फावड्याखाली ओला, काळा, अर्धवट कुजलेला पाला सरकला आणि त्यातून हातभर लांबीचं काळंभोर अंग चमकत बाहेर आलं. आत्याने क्षणभरही विचार केला नाही. चकाकी पाहिली, बोथट डोकं पाहिलं, मोहरीएवढे डोळे पाहिले आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "तेल्या."

तेल्या हे तिनेच ठेवलेलं नाव. तेल चोपडल्यासारखा दिसतो म्हणून. मातीत राहणारा, गांडुळं खाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असे कितीतरी तिने आजवर उचलले होते आणि ज्याच्या अंगणात सापडले त्याच्याच अंगणात परत सोडले होते. निर्धास्त राहा, तेल्या आहे, हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नाही असं घर त्या भागात विरळा.

तिने त्याची मान धरली. अंगठा एका बाजूने, मधलं बोट दुसऱ्या बाजूने, जबड्याच्या बरोब्बर मागे, आणि तर्जनी डोक्यावर. ही पकड तिने बारकीला शाळकरी वयात दोरखंडाच्या तुकड्यावर शिकवली होती. पकडीबरोबर नियमही शिकवले होते. मान हातात आली की साप संपला. तोंड मिटलेलं दिसतंय तोवर त्याला भ्यायचं काही कारण नाही. आणि दुसरा नियम, की साप एकदा हातात घेतला की तो टाकायचा नाही. खाली वाकून, जमिनीला टेकवून, मगच सोडायचा. आत्या चिडली की म्हणायची, चहाचा कप टाक, मोबाइल टाक, पण साप टाकशील तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.

हा तेल्या जरा विचित्र वागत होता एवढं मात्र तिला जाणवलं. आधी जमिनीवर असताना त्याने नाक खाली खुपसून मान कमानीसारखी वर काढली होती, आणि हातात आल्यावर तो डोकं सारखं या बाजूला, त्या बाजूला फिरवत होता, मानेला आळोखेपिळोखे देत होता. शेपटीच्या टोकाने त्याने तळहाताला टोचलंही. तेल्या टोचतोच, शेपटीला बारीक काटा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. त्याच वेळी मधल्या बोटालाही काहीतरी चुरचुरलं. आत्याने सापाचं तोंड डोळ्यांपासून लांब धरून नीट पाहिलं. तोंड मिटलेलं होतं. ओठाच्या कडेला एक पांढरा कण तेवढा चिकटला होता. कुंड्यांच्या मातीत ती पांढरे दाणे मिसळायची, माती भुसभुशीत राहावी म्हणून, तसला तो एखादा परलाइटचा दाणा असणार. तिने तोंडाने फुंकर मारली. दाणा उडाला की नाही ते तिला दिसलं नाही, कारण जवळचं दिसायचा चष्मा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होता आणि तो कायम तिथेच असायचा.

"घे, नवरदेव आला," ती बारकीला म्हणाली.

रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत, झाकणाला भोकं पाडलेली होतीच, तिने साप सोडला. बारकीने बरणी ओढणीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवली. हातात धरून दाखव, मुलांना पाठीवर हात लावू दे, तोंडाकडे जाऊ देऊ नकोस, असं सगळं बजावून आत्याने तिला फाटकापर्यंत पोचवलं. बारकी वळणावर दिसेनाशी झाली आणि आत्याच्या लक्षात आलं की आपलं बोट भाजतंय.

आधी तिने त्याकडे दुर्लक्ष केलं. मग नळाखाली धरलं. मग बर्फ लावला. गांधीलमाशी असेल, ती स्वतःशी म्हणाली, ढिगात असतात. नाहीतर गुलाबाच्या छाटलेल्या फांद्या सकाळीच टाकल्या होत्या, त्यातला काटा. चष्मा नाकावर चढवून तिने बोट उजेडात धरलं. बोटाच्या कडेला एक बारीक लाल ठिपका होता. एकच. म्हणजे साप नाही. सापाचे दात दोन, खुणा दोन. तिला जरा बरं वाटलं आणि त्याच वेळी पोटात ढवळून आलं. बोट बघता बघता टरारून फुगलं होतं, पेराजवळ निळसर दिसत होतं, आणि कळ आता कोपरापर्यंत चढत होती. गांधीलमाशीचा डंख तिने आजवर चिक्कार वेळा खाल्ला होता. हे तसं नव्हतं. मग कसं होतं, ते काही तिला सांगता येईना.

भाऊ समोरच्याच रस्त्यावर चष्म्याचं दुकान चालवायचा. ती दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा तो एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होता. बहिणीचा चेहरा पाहून त्याने फ्रेम तशीच सोडली.

"ताई, साप?"

"साप नाही," आत्या म्हणाली, आणि दारातच ओकली.

भावाचं आणि सापांचं वाकडं होतं. बहीण साप धरते ते त्याने नशीब म्हणून सोडून दिलं होतं, पण मुलगी धरायला लागल्यावर त्याची झोप उडाली. एकदा तर बारकी कुठल्याशा गोदामात साप धरायला गेली असताना त्याने फोन करून सांगितलं की आई घसरून पडली, ताबडतोब ये. बारकी जीव मुठीत धरून घरी आली, तर आई सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होती. नंतर असे आणखी एकदोन प्रकार झाले. तेव्हापासून बारकीने सरळ सांगून टाकलं होतं की सापाच्या कामावर असताना बाबांचा फोन मी घेणार नाही. खरंच काही झालं असेल तर आत्या सांगेल. आत्या खोटं बोलत नाही. हे ऐकून भावाला किती लागलं होतं ते आत्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्या वेळी मनातून गुदगुल्या झाल्या होत्या.

दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. भावाने तिला जवळजवळ उचलूनच नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, शांत होत्या, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की हात कशात घातला होता. आत्याने सांगितलं, पालापाचोळ्यात. आणखी काही? साप धरला होता. कुठला साप? तेल्या. डॉक्टरीणबाईंना तेल्या माहीत नव्हता, तेव्हा आत्याने, एका हाताने पोट दाबत, त्यांना तेल्याचं सगळं चरित्र ऐकवलं. तो विषारी नाही. त्याने तोंड उघडलं नाही. खूण एकच आहे. म्हणजे हा साप नाही, दुसरं काहीतरी आहे, तुम्ही ते शोधा.

"तुम्ही साप धरला आणि हात सुजला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला एवढंच दिसतंय."

"पण तोंड मिटलेलं होतं."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

यावर भाऊ काहीतरी बोलणार होता. चष्मेवाल्याला बहिणीच्या डोळ्यांची जितकी माहिती होती तितकी बहिणीलाही नव्हती. पण त्याने जीभ आवरली, आणि आत्याने ते पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी हाताला सलाइन लावलं, मोठ्या हॉस्पिटलला फोन केला, अँब्युलन्स मागवली. त्यांनाही उमगत नव्हतं आणि ते त्यांनी सरळ कबूल केलं. सापाचं विष म्हणावं तर कुठल्या सापाचं, आणि माशी म्हणावं तर बोट असं जांभळं का पडतंय? आत्या पडल्या पडल्या डोक्यात पुन्हा पुन्हा तोच ढीग उपसत होती. फावडं, पाला, चकाकी, मान. कुठे चुकलं? पकड बरोबर होती. अंतर बरोबर होतं. तीच पकड, तोच साप, तोच हात, आणि हात मात्र आता तिचा वाटत नव्हता. हातमोज्यात पाणी भरल्यासारखा तो बाजूला पडला होता. आत्याला आयुष्यात बऱ्याच गोष्टी कळल्या नव्हत्या, पण साप कळत नाही असं कधी झालं नव्हतं. तिला भीती वाटली. विषाची नव्हे. आपलं काहीतरी मुळातच चुकतंय आणि ते काय आहे ते दिसत नाहीये, याची.

खिडकीत एक कुंडी होती. तिच्याच रोपवाटिकेतली, बुडाशी निळ्या रंगाचा ठिपका होता, तो बारकी सगळ्या कुंड्यांना लावायची. आत्या त्या कुंडीकडे नुसती बघत राहिली, कारण दुसरीकडे बघितलं की खोली फिरत होती. कुंडीतल्या काळ्या मातीवर पांढरे दाणे विखुरले होते. परलाइट. ते दाणे शेडमध्ये मिसळायचे, अगदी शेवटी, कुंडी भरताना. पोतं शेडमध्ये असतं. कालवणं शेडमध्ये होतं.

ढिगात परलाइट नसतो.

ती उठून बसली. सलाइनची नळी ओढली गेली आणि भावाने तिला धरलं. ढिगात पाला असतो, शेण असतं, काड्या असतात, पांढरा दाणा नसतो. मग त्याच्या ओठाला काय होतं? मिटलेल्या ओठाच्या बाहेर, कडेला, मागच्या बाजूला वळलेलं, पांढरं? आणि तिचं मधलं बोट तिथेच नव्हतं का, अगदी तिथेच, जबड्याच्या मागे? तोंड मिटून बाहेर दात, असं कसं असेल? असं नसतं. असं तिने कधी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. पण बोट जांभळं पडलं होतं आणि ढिगात परलाइट नव्हता, आणि बारकी आत्ता शाळेच्या सभागृहात तीच मान त्याच पकडीत धरून उभी असणार होती.

"बारकीला फोन लाव," ती भावाला म्हणाली. "लवकर. तिला सांग, साप धरू नकोस."

भावाने लावला. पलीकडून कापला गेला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लावताना तो बहिणीकडे बघत नव्हता. आत्याचा स्वतःचा फोन रोपवाटिकेत, फावड्याशेजारी राहिला होता.

"माझं नाव बघून कापतेय ती," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्यात सगळं होतं.

डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता आपला फोन पुढे केला. भावाने नंबर दाबला आणि फोन आत्याच्या डाव्या हातात दिला. बराच वेळ वाजला. मग बाईमाणसाचा दबका आवाज आला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. बारकीने आपल्याच फोनवर व्हिडिओ काढायला तो त्यांच्याकडे दिला होता, आणि बाबांचा आला तर कापा म्हणून बजावलंही होतं. कार्यक्रम रंगात आलाय, नंतर करा, असं त्या म्हणाल्या.

"मी तिची आत्या. साप कुठाय?"

"तिच्या हातात. मुलं रांगेने हात लावतायत. इतकी शांत मुलं मी..."

"फोन तिच्या कानाला लावा. तिने हात हलवायचा नाही. तुम्ही जा तिच्याजवळ."

मुलांचा गलका जवळ आला, लांब गेला, आणि मग बारकीचा श्वास ऐकू आला.

"आत्या? बाबा आलेत ना तिथे? त्यांनी तुलाही पटवलं?"

"तो आहे इथे. त्याचं सोड. सापाचं तोंड मिटलेलं आहे?"

"मिटलेलंच आहे. तू शिकवलंस तसंच धरलंय."

"मुलांना मागे जायला सांग. तो तोंड मिटून चावतो. तुझी बोटं जिथे आहेत, तिथेच."

पलीकडे बारकी हसली. खोटं हसू नव्हतं. तिला खरोखरच विनोद वाटला असणार. "तोंड मिटून कसा चावेल? कशाने?"

आत्याने तोंड उघडलं. या पोरीच्या प्रत्येक 'कसं'ला आणि 'का'ला तिच्याकडे आजवर उत्तर होतं. नसलं तर ती तयार करून द्यायची आणि मग रात्रभर पुस्तकं चाळायची. आत्ता डोकं रिकामं होतं. त्यात फक्त ढीग होता आणि एक पांढरा कण.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला कळत नाहीये, बारके. काही कळत नाहीये. मला चावलाय, एवढं खरं."

  मग बारकी कुणाला तरी मागे व्हा म्हणाली, नेहमीच्या आवाजात, आणि पुन्हा फोनकडे वळली तेव्हा तो आवाज नेहमीचा राहिला नव्हता.

"आता कसा सोडू? खाली टेकवायला गेले तर बोटं त्याच्या बाजूलाच राहणार."

"बरणी उघडी आहे?"

"टेबलावर आहे. उघडी आहे."

"हात बरणीवर ने. आणि टाक."

"टाकू?"

"टाक त्याला."

काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, कुणीतरी किंचाळलं, आणि फोन बंद पडला.

आत्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला. भावाने तो काढून घेतला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. उत्तर नाही. आपटलं ते काय होतं? बरणी? फोन? बारकी? किंचाळलं कोण? तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, जणू त्या सभागृहात होत्या. अँब्युलन्स आली, तिला स्ट्रेचरवर घेतलं, आणि भाऊ तिच्या पायाशी बसून फोन लावत राहिला. मध्येच तो म्हणाला की मी तेव्हा खोटं बोललो नसतो तर तिने माझा पहिलाच फोन उचलला असता. आत्याला म्हणायचं होतं की पकड मी शिकवली, तू नाही. पण तिला पुन्हा ओकारी आली आणि ते राहूनच गेलं.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये तिला दुखणं थांबवायचं औषध दिलं आणि त्यामुळे दुपार तुकड्यातुकड्यांनी गेली. एका तुकड्यात भाऊ सांगत होता की बारकीचा फोन लागला, ती ठीक आहे, निघालीय. दुसऱ्या तुकड्यात पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर पलंगाशी उभे होते. शाळेतून सापाचा फोटो आला होता, तो त्यांनी जाणकारांना पाठवला होता. बिळात राहणारा विषारी साप आहे, ते म्हणाले. बिळात तोंड उघडायला जागा नसते, म्हणून याचा दात तोंड मिटलेलं असतानाच बाजूने बाहेर येतो आणि तो मागे ओढून मारतो. एका वेळी एकच दात. मानेला धरा नाहीतर कुठेही धरा, याला सुरक्षित धरायची पद्धतच नाही. याच्यावर खास औषधही नाही. जीव जाणार नाही, पण बोटाचं टोक कदाचित काढावं लागेल.

आत्याने त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. ऐकलं, समजलं, आणि तरी ते आत कुठे बसेना. बोटाचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिला आठवायला लागले ते आधीचे सगळे तेल्या. न्हाणीघरातला. बालवाडीच्या वाळूतला. त्या नवीन लग्न झालेल्या जोडप्याच्या अंगणातला, जो तिने त्यांच्यासमोर तुळतुळीत पाठीवरून बोट फिरवून पुन्हा अळूच्या वाफ्यात सोडला होता. त्यातले तेल्या किती आणि हा किती? चष्मा तर तेव्हाही खिळ्यालाच होता. निर्धास्त राहा, ती म्हणाली होती. लोक निर्धास्त राहिले होते. कुणाला काही झालं नव्हतं, की झालं होतं आणि त्यांनी गांधीलमाशी म्हणून सोडून दिलं होतं?

बारकी आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. साप बरणीत होता, बरणी शाळेच्या प्रयोगशाळेत कुलपात होती आणि न्यायला माणसं येणार होती. आपटला तो फोन. मुख्याध्यापिकांच्या हातून पडला. किंचाळल्याही त्याच. मुलांपैकी कुणालाही काही झालेलं नव्हतं, उलट साप टाकला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. बारकी हे सगळं एका दमात सांगत होती. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, मुलीला जवळ घ्यावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिनेच जाऊन त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यासाठी तिला बरंच वाकावं लागलं.

"तू माझं ऐकलंस," आत्या म्हणाली. "कारण विचारलंस आणि मला देता आलं नाही, तरी ऐकलंस."

"तू माहीत नाही म्हणालीस," बारकी म्हणाली. "मी इतकी घाबरले आत्या. तू असं कधी म्हणतच नाहीस."

आत्याने डावा हात पुढे केला. बारकी पलंगावर बसली आणि तिने आपला हात त्यात दिला. आत्या तो हात उलटा सुलटा करून बघू लागली, एकेक बोट, एकेक पेर, बाजूने, मागून. नीट दिसत नव्हतं. तिने भावाकडे पाहिलं. भावाने खिशातून चष्मा काढला. दुपारी ती गुंगीत असताना तो जाऊन शेडमधून घेऊन आला होता. त्याने तो बहिणीच्या नाकावर ठेवला आणि सवयीने दांड्या कानामागे नीट बसवल्या.

बोटं साफ होती. कुठे ठिपका नाही, सूज नाही. लाल नखं, सकाळसारखीच चकचकीत. फक्त अंगठ्याच्या नखावर, कडेपासून मधोमध, रंग खरवडून गेला होता. सुईने ओढावी तशी सरळ, बारीक, पांढरी रेघ.

"हे कधी झालं?" आत्याने विचारलं.

बारकीने अंगठा डोळ्यांजवळ नेला. "माहीत नाही," ती म्हणाली. "डिकीचं झाकण लागलं असेल. नाहीतर बरणीचं." मग तिने अंगठा उजेडाकडे वळवला. रेघ नखाच्या कडेला संपत होती आणि त्याच्यापुढे लगेच मांस सुरू होत होतं.

आत्याने तो अंगठा मुठीत घेतला. भाऊ जवळ आला, वाकला, आणि त्यालाही ती रेघ दिसली असावी, कारण तो तिथेच पलंगाच्या कडेवर बसला. आत्याला रडू आलं. ती चारचौघांत रडणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी रडली, आणि चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या तरी तिने तो अंगठा सोडला नाही.